मी फाइलला हातही लावला नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाबांना नाही, जिला सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. एक-दोनदा तोंड उघडलं होतं — पण दुसरंच काहीतरी बोलून आले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत असाल तर फक्त माझ्या लेखांवरून. ते लेख वाचून माझ्याबद्दल जे मत झालं असेल, ते जरा बाजूला ठेवा.

मी पत्रकांत वाढले. बाबा मार्केट यार्डातल्या हमालांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहायचे. मंडईमागच्या एका छापखान्यात ती निघायची, आणि शाळा सुटली की मी तिथे गठ्ठ्यांवर झोपायचे. अजूनही दुपारी डोळा लागला की तोच वास येतो — शाईचा, रॉकेलचा, आणि बाहेरून कोथिंबिरीचा. वाळायला पसरलेली गुलाबी, पिवळी पत्रकं पंख्याच्या वाऱ्यात जराशी उचलली जायची, परत बसायची. मला वाटायचं, अक्षरं श्वास घेताहेत.

बाबांचा एक नियम होता : पत्रकाच्या तळाशी नाव हवंच. खाली नाव नसलेलं पत्रक म्हणजे मागून मारलेला दगड, असं ते म्हणायचे. हे वाक्य मी भाषणांत वापरलंय. टाळ्या मिळतात त्याला.

मग इंटरनेटवरच्या एका फोरमवर मी ‘ठिणगी’ या नावाने का गेले होते?

बाबा थकले तेव्हा संघटनेने त्यांच्या पत्रकांचं पुस्तक करायचं ठरवलं. काम माझ्याकडे आलं. पत्रकं टाइप करणाऱ्या डीटीपीवाल्याने जुन्या फाइली दिल्या. मी त्या लॅपटॉपवर उघडल्या — आणि पडद्यावर मराठी नव्हतंच. जुन्या फॉन्टमधलं लिखाण, तो फॉन्ट नसेल तर, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं होऊन दिसतं. हे मला कुठे माहीत होतं? कंस, डॉलर, टिंबं — चिमण्यांनी दाणे विस्कटावेत तशी पानभर. मला तो कचरा वाटला. मी ती चिन्हं निवडून निवडून सगळ्या फाइलींतून उडवली आणि त्याच नावाने सेव्ह केलं. अंगण झाडल्यासारखं वाटलं.

मग मला अस्मिताताईंचा प्रोग्रॅम सापडला. खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारी ही बाई सुट्टीच्या दिवशी तो सांभाळायची. जुन्या फॉन्टमधलं मराठी आजच्या युनिकोडमध्ये आणणारा, फुकट. कुणाच्या आईच्या ओव्या, कुणाच्या शाळेचे वार्षिक अंक त्यातून पुन्हा वाचते झाले होते. मी माझ्या फाइली त्यात घातल्या. मराठी आलं, पण वेलांट्या नाहीत, रफार नाहीत, अर्धी अक्षरं गायब. बाबांची वाक्यं दात काढलेल्या माणसासारखी बोलत होती.

प्रोग्रॅमबद्दल जिथे चर्चा चालायची त्या फोरमवर मदत मागायची रीत सगळ्यात वर लिहिलेली होती. काय करायचं होतं, तुम्ही स्वतः काय काय केलंत — क्रमाने — आणि काय झालं, ते लिहा. मूळ फाइल जोडा. चिडला असाल तर आधी चहा घेऊन या. मी ते वाचलं. आणि पत्रक लिहिलं. ‘कष्टकऱ्यांच्या इतिहासाची फुकट मोडतोड’ असा मथळा दिला. त्यात प्रश्न असा नव्हताच. पुष्कळांनी पाठ थोपटली. एकाने लिहिलं, “ठिणगीताई, आधी अडचण काय ते सांगा, क्रांती संध्याकाळी करू.” त्याला मी असं उत्तर दिलं की तो पुन्हा फिरकला नाही.

अस्मिताताईंनी एवढंच विचारलं : “वडिलांचं लिखाण आहे, त्रास समजू शकते. फाइल उघडल्यापासून काय काय केलंत, क्रमाने सांगाल?”

तोवर मला कळलं होतं. त्यांच्याच एका जुन्या उत्तरात वाचलं होतं — जुन्या फॉन्टमध्ये वेलांट्या, रफार त्या चिन्हांच्या जागीच राहतात. म्हणजे मी झाडलं ते काय होतं, ते कळलं होतं. उत्तराची चौकट समोर रिकामी होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं, खाली एक पिंजारी कापूस पिंजत होता, आणि त्याच्या तारेचा तो गुंगवणारा आवाज — मी किती वेळ ऐकत बसले कोण जाणे. मग लिहिलं : “मी फाइलला हातही लावलेला नाही. होती तशी दिली.”

भीती कशाची होती? बाबांचं लिखाण गेल्याची? ते गेलंच नव्हतं. डीटीपीवाल्याची सीडी माझ्या कपाटात होती. हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. बघा, अजूनही क्रम चुकवतेय मी.

भीती एवढीच, की ज्यांनी पाठ थोपटली त्यांच्यासमोर वाकावं लागेल.

अस्मिताताईंनी मूळ फाइल मागितली. मी झाडलेली पाठवली. मग कित्येक रविवार त्या शोधत राहिल्या. काय तपासलं, काय सापडलं नाही, सगळं फोरमवर लिहायच्या, क्रमाने, शांतपणे. मी वाचत असे. स्वप्नात आपण हाक मारतो आणि आवाज फुटत नाही, तसं म्हणू का? पण नाही. माझा आवाज शाबूत होता.

शेवटी त्यांनी लिहिलं, “दोष माझ्याच कामात असणार, मला सापडत नाही. आणखी कुणाच्या वडिलांचं लिखाण माझ्यामुळे बिघडायला नको.” आणि प्रोग्रॅम काढून घेतला. पुन्हा त्या तिथे आल्या नाहीत.

माझ्या लॅपटॉपवर मात्र तो होता. सीडीवरच्या फाइली मी त्यात घातल्या. एकही वेलांटी हलली नाही.

त्यातूनच पुस्तक झालं. बाबांनी पान न् पान बोटांनी चाचपलं, जसं पूर्वी ओली शाई बघायचे तसं. म्हणाले, “प्रज्ञा, एवढं सगळं परत आणलंस कसं गं?”

“केलं,” म्हटलं.

सुरुवातीच्या पानावर ‘अक्षरजुळणी’पुढे माझं नाव त्यांनीच आग्रहाने घालायला लावलं. ज्याचं काम, त्याचं नाव. मी घालू दिलं.

फोरमवरचा तो चर्चेचा धागा अजून आहे. सगळ्यात खाली कुणा शिक्षकांनी विचारलंय, हा प्रोग्रॅम आता कुठे मिळेल? खाली उत्तर नाही. मी ते बऱ्याचदा वाचून मिटलं आहे.

आज त्याखाली पुढचं टाकते आहे.

अस्मिताताई, तुम्ही विचारलं होतंत त्याचं उत्तर, क्रमाने. आधी मी फाइल उघडली. मग मला न कळलेली चिन्हं उडवली. त्याच नावाने सेव्ह केलं. मग तुमचा प्रोग्रॅम वापरला. मग तुमच्यावर आरोप केला. मग माझी चूक मला कळली. मग तुम्ही विचारलंत, आणि मी खोटं सांगितलं. मूळ फाइल माझ्याकडे होती, दुसरीच पाठवली. वडिलांचं पुस्तक तुमच्या प्रोग्रॅमने झालं, त्यावर नाव माझं आहे.

तुमच्या कामात दोष नव्हता.

प्रज्ञा