ताईची अर्धी राहिलेली गोष्ट

आमच्या घरात गोष्टीचं पुस्तक नव्हतं. शाळेची पुस्तकं होती, आणि बाबांनी स्वच्छ फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलेले दोन जाड ग्रंथ होते. गोष्टी होत्या त्या ताईकडे.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई एका प्रसूतिगृहात आया, बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. दोघांच्या ड्युट्या उलटसुलट, म्हणून मला खरं तर तिनेच वाढवलं. दहावीला ती गणितात राहिली. पुन्हा बसायचं म्हणता म्हणता भिवंडीतल्या आमच्याच गल्लीतल्या यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायला जाऊ लागली. लूमच्या धोट्यात सुताची जी नळी बसते, ती कांडी. शाळा सुटली की मी दप्तरासकट तिच्याजवळ जाऊन बसायचे. भिंतीपलीकडे लूम चालू असायचे आणि त्या खडखडाटात बाकीच्या बाया ओरडून बोलायच्या. ताई ओरडायची नाही. ती माझ्या कानाशी तोंड आणायची. हात कांडीवर, केसांत कापूस, आणि कानात तिची गोष्ट.

गोष्ट एकच होती आणि ती रोज पुढे जायची. अंजूरला आमचं आजोळ; तिथल्या खाडीकाठची एक मुलगी. तिला कोणीतरी सांगतं की खाडीचं खारं पाणी वर वर जात कुठेतरी गोडं होतं. ती जागा बघायला ती मामाची होडी घेऊन निघते. रोज एक मुक्काम. एका काठावर एक म्हातारा लोकांची फाटकी जाळी न सांगता शिवून ठेवतो. दुसऱ्या काठावर दोन जावा एकाच चुलीवर रांधतात, पण सात वर्षं एकमेकींशी बोललेल्या नसतात. ही मुलगी प्रत्येकाकडे जेवते, त्यांचं ऐकून घेते आणि निघते. संध्याकाळी ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकते. "अजून खारंच," ताई म्हणायची, आणि त्या दिवसाची गोष्ट संपायची.

मी सहावीत असताना ताईचं लग्न ठरलं. मुलगा सिन्नरकडचा, घरची थोडी शेती. ताईला पसंत आहे का हे कोणी विचारलं की नाही, मला आठवत नाही. आमच्याकडे नवरी पांढरी साडी नेसते; त्या साडीत ती खूप उंच दिसत होती. निघताना जीपपाशी सगळ्या बाया रडत होत्या. मी गर्दीतून घुसले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "ती पोचली का गं?"

"सांगीन," ताई म्हणाली. "लिहीन तुला."

तिची पोस्टकार्डं यायची. सगळे बरे आहेत, पाऊस झाला, आईने दगदग करू नये. मी प्रत्येक पत्रात विचारायचे, पुढे काय झालं? त्याचं उत्तर कधीच नसायचं. मला तिचा फार राग आला. एकदा आईजवळ चिडून रडले, तेव्हा आई म्हणाली, "अगं, तिकडनं जाणारं पत्र आधी सासरा वाचतो. त्यात ती होडीच्या गोष्टी लिहील व्हय?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग वाटलं, तिला लिहिता येत नाही, पण मला कोण अडवतंय? एक आंतरदेशीय पत्र आणलं, अक्षर बारीक केलं, आणि ती मुलगी पुढच्या काठावर कशी पोचली ते लिहिलं. तिथे लग्न झालेली एक बाई होती. रोज दुपारी ती काठावर यायची आणि माहेरच्या दिशेला तोंड करून धुणं धुवायची. मी मुलीला तिच्याशी पुष्कळ बोलायला लावलं. शेवटी "अजून खारंच" असं लिहिलं आणि पत्र पेटीत टाकलं.

पुढचे पंधरा दिवस शाळेतून धावत यायचे. पोस्टमन आमच्या चाळीत शिरला की दारात जाऊन उभी राहायचे. शेवटी कार्ड आलं. नेहमीचीच खुशाली, आणि अगदी खाली कोपऱ्यात, मागाहून घाईने लिहिलेली एक ओळ: "तिच्या होडीला शीड न्हाय. दोन वल्ही हायत. नीट आठव."

मी शीड लिहिलं होतं. ताईने चूक पकडली होती. ती ओळ मी किती वेळा वाचली असेन! तिला सगळं आठवत होतं. शंभर मैलांवर, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून तिने माझी होडी पाहिली होती.

मग मी लिहीतच राहिले. चौदा-पंधरा पत्रं झाली असतील. ताईच्या कार्डावर कधी ओळ असायची, कधी नसायची. "म्हाताऱ्याला परत आणू नको." "ती एवढी रडत न्हाय." दुसऱ्या वर्षी ती बाळंतपणाला आली. जड अंगाने भिंतीला टेकून बसली होती. मी अजून धीर धरून होते, शेवटी विचारलंच.

"ताई, पाणी गोडं कुठे होतं?"

"मला ठाऊकच नव्हतं गं," ती म्हणाली. "आई ड्युटीवर गेली की तू रडायचीस. म्हणून रोज काहीतरी जोडत होते."

"म्हणजे शेवट नव्हताच?"

"नव्हता. तू लिहायला लागलीस, तेव्हा वाटलं, हिला ठाऊक असेल."

मला तेव्हा फसवल्यासारखं वाटलं. आज वाटतं, याहून मोठी गोष्ट मला कोणी दिलेली नाही. मुलगा झाला, चार महिन्यांनी ताई परत गेली. पत्रं विरळ झाली. माझं कॉलेज आलं, तिला दुसरं मूल आलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझी पहिली कथा एका दिवाळी अंकात छापून आली. अंक पोस्टाने न पाठवता मी स्वतः सिन्नरला घेऊन गेले. दुपारची वेळ होती. घरी सासरे एकटेच. म्हणाले, मळ्यात कांदा निवडायला गेलीय. मी मळ्याची वाट धरली.

कांद्याच्या ढिगाभोवती दहा-बारा बाया बसल्या होत्या. ताईची पाठ माझ्याकडे होती. ती काहीतरी सांगत होती. एक सून, एक विहीर, विहिरीतून येणारा आवाज. ती गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. बायांचे हात चालू होते, माना तिच्याकडे वळलेल्या. एकीने हाताने खूण करून मला खाली बसवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी बसले. पिशवीत छापलेला अंक होता, आणि मला त्या अनोळखी बायांचा मत्सर वाटत होता. माझ्या कानातली ताई आता त्यांची होती. त्या रोज तिच्या शेजारी बसत होत्या.

तिने मागे वळून पाहिलं तेव्हा गोष्टीतली सून विहिरीच्या काठावर वाकली होती. ताईचा चेहरा उजळला, पण ती थांबली नाही. हातानेच माझ्याकडे एक टोपली सरकवली, आणि मी कांदे निवडू लागले.