माझ्याशिवाय वाजणारा पियानो

तुम्ही फोनवर विचारता, आजी, अजून वाजवतेस का? वाजवते. दर रविवारी दुपारी आमच्याकडे तिघं जमतो. पियानो माझा. चेलो वाजवणारी माझी मैत्रीण इथेच हैदराबादेत, जामबागेत राहते, कॉलेजात शिकवून निवृत्त झाली. क्लॅरिनेट वाजवणारे दिलसुखनगरचे दातांचे डॉक्टर आहेत, तेलुगू माणूस, मला अम्मा म्हणतात.

उन्हाळ्यात मला संशय आला. आम्ही बसवत होतो त्या रचनेत एक विराम आहे. त्यानंतर तिघांनी एकदम सुरुवात करायची, म्हणून दोघं माझ्या मानेकडे बघत, मी मान हलवली की सुरू. त्या रविवारी कोणी बघितलंच नाही, तरी दोघं अचूक माझ्याबरोबर आले. असं सरावाशिवाय जमत नाही. माझी बोटं अलीकडे आखडतात, आणि पुढच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. माझ्या जागी कोणाला तरी तयार करत असणार.

मैत्रिणीला सहज विचारल्यासारखं विचारलं, तुम्ही दोघं मधे भेटता का? ती म्हणाली, छे, वेळ कुठे आहे. इतक्या लगेच म्हणाली की मला ते पटलं नाही.

बुधवारी तिचा डबा परत द्यायचं निमित्त काढून मी जामबागेत गेले. जिन्यातच क्लॅरिनेट ऐकू आलं, मग चेलो, आणि त्यांच्याबरोबर पियानो. तिच्या घरी पियानो नाही. म्हणजे कोणीतरी कीबोर्ड घेऊन आलं होतं. मी बेल दाबली. क्लॅरिनेट थांबलं, चेलो थांबला. पियानो चालूच राहिला.

दार उघडलं तर आत तिसरं कोणी नव्हतं. टेबलावर डॉक्टरांचा मोबाईल वाजत होता. एका अवघड वळणावर तो पियानो अडखळला, आणि मी ओळखलं. मीच होते ती, एका रविवारी एकटी सराव करताना टिपलेली.

डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "अम्मा, गलत मत समझो."

मैत्रीण म्हणाली, "ताई, तुमची बोटं जिथं थांबतात तिथं आम्हालाही थांबता यायला हवं होतं. तुम्हाला कळू न देता."

"इतकी थांबते मी?"

डॉक्टरांनी मोबाईल बंद केला. मी चहा न घेता घरी आले.

रविवारी मी त्यांना सांगितलं, डाव्या हातातले जे सूर चेलो वाजवतोच, ते मी सोडून देईन. मग उजवा हात धावेल. पण वेग मूळचाच हवा, माझ्यासाठी कमी करायचा नाही. दोघांनी ताबडतोब मान डोलावली.

कार्यक्रम चांगला झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण मूळ वेगातच वाजवलं, असं दोघं शपथेवर सांगतात. मी वेगाचे ठोके मोजणारा मेट्रोनोम मागवला आहे.