बाबांना विचारणारे फोन

बाबा गेले त्या वर्षी आमच्या वाशीमच्या घरातला फोन मला वैऱ्यासारखा वाटायचा. पुढच्या खोलीत बाबांचं खतं-बियाण्यांचं दुकान होतं, त्यापायी फोन घेतला होता. दुकान बंद झालं, पण अकोल्याच्या एजंटांना ते कोण सांगणार? कुणाला फवारणीचे पंप खपवायचे असत, कुणाला औषधं. प्रत्येकजण बाबांचं नाव आडनावासकट घ्यायचा आणि आईला प्रत्येकाला सांगावं लागायचं, "ते वारले." फोन ठेवून ती परत चुलीपाशी जायची, तेव्हा त्या माणसांचा गळा धरावा असं मला वाटायचं.

मी नाना उपाय केले. राँग नंबर म्हणालो, तर पठ्ठे पुन्हा लावायचे. फोन गोधडीत गुंडाळला, तरी आतून त्याची घणघण चालूच. रिसीव्हर काढून ठेवला, तर काय बिघडलं म्हणून एक्सचेंजचा माणूस दारात हजर. शेवटी मीच एक्सचेंजमध्ये गेलो. सगळे फोन जोडून देणारा तिथला ऑपरेटर बाबांच्या ओळखीचा होता.

"मले समदं आयकू येते बाप्पा," तो म्हणाला. "वयनीचा आवाज आयकून माहाच जीव तुटते. आता इकूनच सांगतो त्याइले."

त्यानं शब्द पाळला, एजंटांचे फोन तिथूनच परतवले. एकदाची ब्याद टळली म्हणून मी खूश होतो. घरात माणसं यायची, बसायची, पण आईसमोर बाबांचं नाव काढायचं नाही, हे जणू ठरलेलंच होतं. मीही काढत नव्हतो.

एका दुपारी आईनं आपणहून रिसीव्हर उचलला.

"भाऊ, त्या अकोलेवाल्याइचे फोन येऊ देजा," ती ऑपरेटरला म्हणाली. "घरात त्याइचं नाव आता कोनीच घेत नाई. अन् म्या तं जल्मात कधी घेतलं नाई."

मी उंबऱ्यातच थांबलो. मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात घंटी वाजली. एजंट मोठ्यानं बोलत होता, बाबांचं नाव मला दारापर्यंत ऐकू आलं. ते वारले, हे आईनं लगेच सांगितलं नाही. तिनं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"कोन पाह्यजे?" तिनं पुन्हा विचारलं.