दहा फुटी तुकड्यातले दोन इंच

वर्तमानपत्रात पानं लावण्याचं काम मी सतरा वर्षं केलं. जिल्हा आवृत्तीची पानं दुसऱ्या शहरात लागू लागली, तेव्हा ते सोडलं आणि स्टेजच्या रोषणाईचे आराखडे काढणारं सॉफ्टवेअर शिकले. सोलापुरात असं काम देणारी एकच जागा सापडली. अक्कलकोट रोडवरचं मांडवाच्या सामानाचं गोडाऊन. त्याच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. ते घरी कन्नड बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि चिडले की दोन्ही.

अण्णांची माणसं मांडव, खुर्च्या आणि पंखे लावत. स्टेजवरचे दिवे ज्या चौकोनी जाळीदार ॲल्युमिनियमच्या तुळईवर टांगतात, ती ट्रस मात्र पुण्याहून येई. तिच्याबरोबर पुण्याची मुलंही येत. अण्णांचे मिस्त्री जवळच्या कुंभारी गावचे. चाळीस वर्षं मांडव उभारलेला माणूस. मागच्या वर्षी कॉलेजच्या मैदानावर पुण्याच्या मुलांनी त्यांना खाली उभं केलं, ट्रस वर जाताना हलू नये म्हणून बांधलेल्या दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, "काका, एवढं धरा फक्त." मिस्त्रींनी दोन तास दोरी धरली.

यंदा अण्णांनी स्वतःची ट्रस घेतली. त्याच कॉलेजचा सुवर्णमहोत्सव होता. प्राचार्यांनी अट घातली: वजनाचा आणि विजेचा पूर्ण आराखडा द्या, आमच्या इंजिनिअर मॅडम बघतील. त्यांनी सही केली तर ट्रस तुमची माणसं टांगतील, नाहीतर पुण्याला फोन. मॅडम शुक्रवारी दुपारी चारला येणार होत्या.

शुक्रवारी सकाळी दहाला आराखडा चुकलेला होता.

रचना साधी होती. ट्रसचे चार तुकडे एका रेषेत जोडायचे, दोन टोकांना दोन टॉवर, प्रत्येक टॉवरवर एक टनाची चेनकप्पी, आणि ट्रसवर सोळा दिवे. ट्रस, दिवे आणि केबल मिळून वजन पाचशे बारा किलो. सॉफ्टवेअरच्या अहवालात डाव्या कप्पीवर एकशे अठ्ठावीस किलो होते, उजव्या कप्पीवर एकशे अठ्ठावीस. बेरीज दोनशे छप्पन्न. म्हणजे बरोबर निम्मं वजन कोणीच उचलत नव्हतं. पडद्यावर मधले दोन तुकडे लाल झाले होते आणि शेजारी लिहिलं होतं की त्यांना आधार नाही.

मी कप्प्या काढून पुन्हा लावल्या. सोळा दिवे उतरवून पुन्हा टांगले. फाइल नव्या नावाने ठेवली, संगणक बंद करून चालू केला. निम्मं वजन हवेतच राहिलं.

अण्णा तीनदा येऊन मागे उभे राहिले.

"लाल का दिसतंय?"

"आधार नाही म्हणतंय."

"चार तुकडे चिकटून दिसतात की हो. आधार नाही कसा?"

चिकटून दिसत होते, हे खरं होतं. बाराला मी जुन्या सवयीने आराखड्याची मोठ्या कागदावर प्रिंट काढली आणि पट्टी शोधू लागले. तेवढ्यात मिस्त्री चहा घेऊन आले. त्यांनी कप कागदावरच ठेवला, मग माझ्याकडे बघून उचलला. कागद स्वतःकडे फिरवून घेतला आणि ट्रसच्या रेषेवरून अंगठ्याचं नख फिरवत नेलं. नख एका जागी थांबलं.

"ताई, हितं पिना कुटं हायत?"

"पिना दाखवत नाहीत यात. तुकडा तुकड्याला लागला की ते जोड धरतं."

"पर हे लागलेलंच न्हाय. हितं फट हाय. हितं बी. आन् हितं बी."

मी पट्टी लावली. कागदावर जेमतेम एक मिलिमीटर पांढरी जागा होती. आराखडा प्रत्यक्षाच्या पन्नासाव्या भागाएवढा होता. म्हणजे मैदानावर तीच फट दोन इंचांच्या आसपास भरणार होती.

"अण्णा, तुकडा किती लांबीचा आहे?" मी विचारलं.

"दहा फुटी. सांगितलं की तुम्हाला."

सांगितलं होतं. मांडवाच्या धंद्यात सगळं दहा फुटांच्या गाळ्याने मोजतात. कनात, छत, खांबामधलं अंतर, सगळंच. मी त्याच हिशेबाने दर दहा फुटांवर रेष आखली होती आणि प्रत्येक रेषेपासून एक तुकडा ठेवला होता. तुकडे सॉफ्टवेअरच्या साठ्यातून घेतले होते, ते आपल्या खऱ्या लांबीचे आले होते.

मिस्त्री टेप घेऊन गोडाऊनच्या मागे गेले. तिथून त्यांचा आवाज आला.

"नऊ फूट दहा इंच!"

"नीट मोज!" अण्णा ओरडले.

"मोजलं की! चारी मोजले! पुन्यावाल्यांचं काय आसंल ते आसंल, आपली हाय नऊ फूट दहा इंच!"

तुकडा तीन मीटरचा होता. गोडाऊनमध्ये तो आल्या दिवसापासून सगळे त्याला दहा फुटी म्हणत होते, आणि कोणी मोजला नव्हता. परत आल्यावर मिस्त्री म्हणाले, "कापडाच्या मांडवात दोन इंच कोन इचारतंय. वढून घेतो आमी. हे काय वढणार हाय व्हय?"

मी पुढचे तिन्ही तुकडे पहिल्याकडे सरकवून एकमेकांना भिडवले. लाल रंग गेला. डाव्या कप्पीवर दोनशे साठ किलो, उजव्या कप्पीवर दोनशे बावन्न. बेरीज पाचशे बारा.

अण्णा कन्नडमध्ये "आयतु, आयतु", म्हणजे झालं, झालं, म्हणत जेवायला निघाले. त्यांना थांबवावं लागलं, कारण आता विजेचा तक्ता इशारा देत होता. जनरेटरच्या तीन फेजपैकी पहिलीवर चौतीस अँपिअर होते, दुसरीवर तेहतीस, तिसरीवर फक्त सहा. भार तिन्हींवर सारखा हवा.

ही चूक नव्हती, अण्णांचा नियम होता. ते वायरमन म्हणून सुरुवात केलेले. तिसरी फेज माइक आणि पंख्यांना, तिच्यावर दिवा लावायचा नाही. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना दिव्यांमुळे फ्यूज उडाला होता आणि माइकही गेला होता.

"दिवा गेला तर माणसं बसून राहतात," ते म्हणाले. "आवाज गेला की उठतात. तिसरीला हात लावायचा नाही."

"माइक आणि पंखे छोट्या जनरेटरवर घेतले तर?"

त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. छोटा जनरेटर गोडाऊनच्या दारातच उभा होता, त्यावर कोणीतरी टॉवेल वाळत घातला होता.

"मग आवाज एकदम वेगळा झाला."

"दिव्यांचा आणि त्याचा संबंधच राहत नाही."

"हे आधी का नाही सुचलं आपल्याला?" त्यांनी मिस्त्रींना विचारलं.

"तुमी कुनाला सुचू देता व्हय?"

दिव्यांचे सदुसष्ट अँपिअर तीन फेजवर वाटले: तेवीस, बावीस, बावीस. इशारा गेला. तेव्हा अडीच वाजले होते.

मॅडम चारला पाच मिनिटं कमी असताना आल्या. वजनाचं पान त्यांनी स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर पडताळलं, विजेचं पान दोनदा वाचलं. मग पान खाली ठेवून त्यांनी मला नाही, मिस्त्रींना विचारलं, "एका जोडाला पिना किती?"

"आठ. चार कोपरे, कोपऱ्याला दोन. जोड तीन. चोवीस पिना, आन् हरेक पिनेला चाप. चाप घातल्याबिगर मी कप्पी हलवू देत न्हाय."

"तुकडा किती लांब?"

मिस्त्रींनी अण्णांकडे पाहिलं.

"तीन मीटर," ते म्हणाले. "मी सोता मोजलाय."

मॅडमनी दोन्ही पानांवर सही केली.

रविवारी सकाळी आठला कॉलेजच्या मैदानावर ट्रस जमिनीवर जोडली गेली. मिस्त्रींनी चोवीस पिना आणि चोवीस चाप हाताने चाचपले, मोठ्याने मोजत. मग दोन्ही कप्प्यांच्या बटणांचा डबा गळ्यात अडकवला. आधी ट्रस गुडघ्याएवढी उचलून थांबवली, पाणसळ ठेवून समतल आहे ना ते पाहिलं, आणि मग सलग वर घेतली. ती वाकडी झाली नाही, अडकली नाही. सोळा दिवे ओळीत वर गेले. प्राचार्य ऑफिसच्या पायरीवर येऊन उभे होते.

खाली दोरी धरायला कोणी ठरलेलं नव्हतं. अण्णांनीच ती उचलली होती. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, दोन्ही हातांनी घट्ट.

"अण्णा, ढिली सोडा की!" मिस्त्री बटणावर बोट ठेवूनच ओरडले. "बैल धरलाय व्हय?"

अण्णांनी ढिली सोडली. ट्रस वीस फुटांवर थांबली, आणि मिस्त्रींनी तिच्यावरची नजर न काढता अण्णांना हाताने खूण केली की आता दोरी सोडली तरी चालेल.