एका दिवसात सात पॉइंट

बाबा अकोल्याहून आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा काचबिंदू बराच पुढे गेला होता. बाजूचं काही दिसत नाही, समोरचं तेवढं दिसतं. तेही किती दिवस, सांगता येत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. मी घाबरले. घाबरले की मी याद्या करते. डोळे आहेत तोवर बाबांना आयर्लंड दाखवायचंच, या हट्टाने मी किनाऱ्यावरचे सात पॉइंट एका शनिवारात बसवले. महाबळेश्वर असो की माथेरान, पॉइंट मोजल्याशिवाय आपल्या लोकांना सहल झाल्यासारखी वाटतच नाही. मी तरी वेगळी कुठून निघणार!

सकाळी आठला ॲडम्सटाउनच्या आमच्या घरून गाडी काढली. कडा झाला, पुळण झाली, उंच भिंतींच्या आतली जुनी बाग झाली. मी पुढे, बाबा काठी टेकत मागे. प्रत्येक ठिकाणी ते "वा, छान" म्हणायचे आणि मी मनातल्या मनात खूण करायचे. चौथ्या ठिकाणी समुद्रात एक सील वर आला. बोट दाखवून दाखवून माझा हात दुखला, पण बाबांना तो सापडेपर्यंत बुडालासुद्धा. मला इतकी चीड आली! त्यांची नव्हे, पण निघाली त्यांच्यावरच. जरा भराभर बघत जा ना, असं मी म्हणाले. काचबिंदू झालेल्या माणसाला. आजही आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटते.

पाचवा पॉइंट रेडवुडचा. कुण्या जुन्या जमीनदाराने अमेरिकेहून बी आणून समुद्रालगतच्या रानात लावलेली झाडं. शेंडा बघायचा तर मान मोडावी. मी त्यांना वीस मिनिटं दिली होती. बाबांनी खोडाला हात लावला. साल काथ्यासारखी मऊ लागली तसे ते खुशीत आले आणि तिथल्या बाकावर ऐसपैस बसले. उठेचनात. पुढच्या पॉइंटचं दीपगृह पाचला बंद होतं, हे मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज चढला. कुत्रा फिरवणाऱ्या एक आजीबाई थबकल्या आणि घाई कसली, यू आर ग्रँड, म्हणजे काही बिघडत नाही, असं मलाच समजावून गेल्या. माझं डोकं आणखी फिरलं.

"बाबा, हे सगळं मी कुणासाठी करतेय?" मी विचारलं.

बाबा रागावले नाहीत. झाडांमधून एका जागी ऊन उतरलं होतं, तिकडे त्यांनी काठीने दाखवलं.

"तिथं उजेडात उभी राहा जरा, माह्याकडं तोंड करून," ते म्हणाले. "सकाळपासून मले तुझी पाठच दिसून राहिली."

मी जाऊन उभी राहिले. रडू नको, बाबा म्हणाले, चेहरा बदलतो.