कात्री न लावता शिवलेली चेटकीण

मला शिवणकाम येतं, ही बातमी आमच्या घरात मीच पसरवली होती. तिला दुजोरा देणारं दुसरं कोणीही नव्हतं.

अकरा वर्षं मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होतो. दोन ठिकाणांहून खातरजमा झाल्याशिवाय ओळ छापायला सोडायची नाही, ही तिथली शिस्त. मग माझ्या बायकोला, मेधाला, नॉर्थ कॅरोलायनात नोकरी लागली आणि तिच्या व्हिसाचं शेपूट धरून मी मॉरिसव्हिलला आलो. माझ्या व्हिसावर काम करायला बंदी होती. (स्वयंपाक, धुणी आणि मुलीचं संगोपन हे काम नव्हे, याबाबत अमेरिकन सरकारचं आणि माझ्या आजोबांचं एकमत असल्याचं तेव्हा मला कळलं.) दोन वर्षांत माझ्या पोळ्या फुगू लागल्या, मुलीच्या वेण्या सरळ येऊ लागल्या. शिवण तेवढी राहिली होती.

२००५ च्या ऑक्टोबरात ईरानं, म्हणजे आमच्या दुसरीतल्या मुलीनं, जाहीर केलं, "बाबा, धिस इयर आय वाँट टु बी अ विच. अ रिअल विच."

"आण ना यार स्टोअरमधून," मेधा लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाली. "रेडीमेड मिळतो. टोपीसकट."

"विकतचा? मी शिवतो!" मी म्हणालो. दोघींनीही माझ्याकडे पाहिलं. लॅपटॉप बंद झाला, इतकं ते गंभीर होतं.

इथे थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. ईराच्या शाळेत हॅलोविनच्या दिवशी मुलांची मिरवणूक निघायची. प्रिन्सिपल बाई माइक घेऊन कोपऱ्यावर उभ्या राहायच्या आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकाची घोषणा करायच्या: फायरमन! प्रिन्सेस! भोपळा! आदल्या वर्षी माझ्या आग्रहावरून ईरा नऊवारी आणि नथ घालून लढाऊ मराठा राणी झाली होती. शाळेत शस्त्रं न्यायला बंदी असल्यामुळे तलवार घरी ठेवावी लागली आणि तलवारीवाचून राणीची नुसती बाई झाली. प्रिन्सिपल बाई माइक धरून तिच्याकडे पाहतच राहिल्या. तीन सेकंद गेले. (मी मोजले. जुनी सवय.) मग त्या म्हणाल्या, "अँड हिअर कम्स... अ लव्हली लेडी!" त्या दिवशी "व्हॉट आर यू?" हा प्रश्न ईराला चौदा जणांनी विचारला. घरी आल्यावर तिनं नथ काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "नोबडी न्यू, बाबा."

तेव्हा यंदाची अट साधी होती. बाईंनी तिला पाहताक्षणी, न विचारता, न अडखळता 'विच' म्हणायचं. बाकी मला काय करायचं ते मी करावं.

मी कापडाच्या दुकानात गेलो. काळं कापड संपलं होतं. सॅटिन नाही, सुती नाही, अस्तरसुद्धा नाही. केशरी हवं तेवढं होतं. काउंटरवरची आजीबाई माझ्याकडे कणवेनं पाहून म्हणाली, "हनी, इट्स द लास्ट वीक ऑफ ऑक्टोबर." अवघ्या परिसरातल्या चेटकिणींनी आपापली खरेदी सप्टेंबरातच उरकली होती.

रिकाम्या हातानं घरी आलो, तर आई चकलीची भाजणी चाळत होती. ती सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती, आणि त्या वर्षी दिवाळी आणि हॅलोविन एकाच आठवड्यात आले होते.

"दिवाळीच्या तोंडावर लेकीला चेटकीण करतोयस," ती म्हणाली. "लोक लक्ष्मी करतात."

"लक्ष्मी केली तर पुन्हा लव्हली लेडी म्हणतील, आई."

आईनं चाळण खाली ठेवली. हात धुतले. आत जाऊन बॅग उघडली आणि काळी चंद्रकळा घेऊन आली. अंगभर जरीच्या बारीक चांदण्या. संक्रांतीला नेसायची म्हणून तिनं ती पुण्याहून आणली होती.

"ही घे. पण कात्री लावायची नाही. संक्रांतीला मी हीच नेसणार आहे."

यावर कोणीही विचारी माणसानं साडी परत केली असती. मी म्हणालो, "कात्री लागतेच कशाला?"

माझी योजना अशी होती. माझा एक जुना काळा टी-शर्ट आटवून ईराच्या मापाचा करायचा. साडी उभी दुमडून निम्म्या उंचीची करायची, टी-शर्टच्या कमरेला तिचे तीन वेढे द्यायचे, आणि उरलेला पदर पाठीवरून वर नेऊन खांद्यांना जोडला की झाला चेटकिणीचा झगा! साडेपाच मीटर कापड, एक सात वर्षांची मुलगी आणि शून्य कात्री. कागदावर आराखडा काढला तेव्हा तो मला अतिशय देखणा वाटला. आजही वाटतो.

गराज सेलमधून स्वस्तात आणलेल्या जुन्या शिलाई मशीनवर मी टी-शर्ट आटवला. एका बाहीत पहिली सुई तुटली, दुसरीत दुसरी. तिसरी सुई नव्हती. मग साडी हातानं जोडायला घेतली. पहिल्या वेढ्याला काळा दोरा संपला. घरात पांढरा होता. मी पांढरा दोरा घेतला आणि ईराच्या काळ्या मार्करनं रंगवला. (माझी बोटं दिवाळीच्या पाडव्यापर्यंत काळी होती. ओवाळताना मेधा म्हणाली, "हात मागे घे.")

आई येऊन चष्म्यातून टाके बघू लागली.

"हा नुसता धावदोरा आहे रे. एवढे लांब टाके? ओढलं तर सरसर सुटेल."

"सुटायलाच हवं ना, आई! संक्रांतीला तुला साडी परत पाहिजे. शेवटी उसवायचंच आहे, मग पक्कं शिवायचं कशाला?"

आई काही बोलली नाही. मी ती संमती धरली. गप्प बसलेल्या माणसाच्या नावावर विधान खपवू नये, हे मी अकरा वर्षं नवशिक्या वार्ताहरांना शिकवत होतो.

संध्याकाळी ईराला कॉफी टेबलवर उभं करून झगा घातला. पुठ्ठ्याची टोपी चढवली. खरं सांगतो, मला स्वतःचा हेवा वाटला! घोळ झोकदार पडला होता, चांदण्या लुकलुकत होत्या आणि टाके दिसत नव्हते. ईरा आरशात स्वतःकडे बघून दात विचकत होती.

"बाबा, इट्स सो रिअल!"

"जरा चालून दाखव गं," आई म्हणाली.

"उद्या चालेलच की!" मी म्हणालो, आणि फोटो काढायला लागलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये मिरवणूक सुरू झाली. दोरीच्या अलीकडे पालक, पलीकडे मुलं. मेधा लंच टाइम काढून आली होती. आई स्वेटर, शाल आणि स्पोर्ट्स शूज घालून पहिल्या रांगेत होती. ईरा दुसरीच्या वर्गातून बाहेर पडली तेव्हा शेजारची एक बाई मला म्हणाली, "ओ माय, लुक ॲट दॅट विच!" मी म्हणालो, "मी शिवलाय." तिला मराठी येत नव्हतं. मग इंग्रजीतून सांगितलं. मग तिच्या पलीकडच्या बाईलाही सांगितलं.

ईराच्या मागे एक डायनॉसॉर चालत होता. पुठ्ठ्याच्या जबड्यातून त्या बिचाऱ्याला स्वतःचे पाय दिसत नव्हते. प्रिन्सिपल बाई वीस पावलांवर असताना त्याचा पंजा ईराच्या मागे लोळणाऱ्या पदरावर पडला.

टप्, टप्, टप्, टप्. खांदे सुटले.

"फाटली!" आई ओरडली.

"फाटली नाही, उसवली."

"तुला काय माहीत?"

"आवाजावरून!"

डायनॉसॉर पदरावर ठाम उभा. ईरा पुढे चालतच होती. त्यामुळे पहिला वेढा सुटला आणि त्या ओढीनं ती स्वतःभोवती एकदा गर्रकन फिरली. तिला वाटलं कोणी खेळतंय, म्हणून ती जोरात पळाली. दुसरा वेढा. आणखी एक गिरकी! टोपी डोळ्यांवर आली. तिसरा वेढा. तिसरी गिरकी! भोवऱ्याची जाळी सुटावी तशी साडी सुटत गेली, आणि माझा झगा माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा आईची चंद्रकळा झाला.

खिशात सुईदोरा होता. मी दोरीखालून घुसलो. वीस पावलांत साडेपाच मीटर कापड शिवून होत नाही, हा हिशेब मी धावता धावता केला, आणि तरी धावलो. एका शिक्षिकेनं मला वाटेतच अडवलं. "पेरेंट्स बिहाइंड द रोप, प्लीज!"

"बट आय ॲम द टेलर!" मी ओरडलो.

"सर. बिहाइंड द रोप."

ईरा थांबली. टोपी वर सरकवली. अंगात काळा टी-शर्ट, काळी विजार, कमरेला मागे कसाबसा अडकलेला साडीचा एक काठ आणि तिथून सुरू होऊन थेट डायनॉसॉरपर्यंत पसरलेली चंद्रकळा. तिनं साडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिचा खालचा ओठ थरथरला. प्रिन्सिपल बाई माइक तोंडाजवळ नेत होत्या. आता या बाई 'लव्हली लेडी' म्हणणार, आणि या वेळी त्याला पूर्णपणे मी जबाबदार असणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात डायनॉसॉरनं जबडा वर केला, खाली पाहिलं, तो हादरला आणि पदर दोन्ही पंजांनी उचलून म्हणाला, "सॉरी, विच."

ईराचा ओठ थांबला. तिनं पुन्हा मागे पाहिलं. ऊन होतं, आणि डांबरावर पसरलेल्या साडीवरच्या सगळ्या चांदण्या एकदम चमकत होत्या. तिनं हनुवटी वर केली आणि पुढच्या भोपळ्याला खणखणीत आवाजात सांगितलं, "मूव्ह, प्लीज. आय ॲम ब्रिंगिंग द नाइट."

भोपळा बाजूला झाला.

बाईंनी पाहिलं. मी मोजायला लागलो. एकपर्यंतही पोचलो नाही.

"अ विच!" बाई माइकवर ओरडल्या. "एव्हरीबडी, अ विच! अँड शी ब्रॉट द होल नाइट विथ हर!"

टाळ्या पडल्या. बालवाडीतली पोरं रांग मोडून धावली आणि साडीचे काठ धरून ईराच्या मागे चालू लागली. दोन पऱ्या, एक मधमाशी, एक केळं. ईरा सगळ्यांच्या पुढे, कोणाकडेही न बघता, रात्र ओढत चालली होती. माझ्या छातीत जे काही झालं त्याला मी मथळा देऊ शकलो नाही.

"अरे, त्यांचे हात चिकट आहेत!" आई म्हणत होती. "त्या केळ्याला सांग कोणीतरी!"

मिरवणूक संपल्यावर ईराच्या वर्गशिक्षिकेनं विचारलं, "तो झगा असा उघडतो कसा?"

"माय डॅड मेड इट," ईरा म्हणाली. "इट ओपन्स."

शिक्षिकेनं माझ्याकडे आदरानं पाहिलं. चूक लक्षात येताच खुलासा छापायचा, हा आमच्या व्यवसायाचा धर्म. मी नम्रपणे मान झुकवली.

"प्लॅन केलं होतंस?" मेधानं हळूच विचारलं.

"अर्थात."

"आणि मग सुई घेऊन का पळालास?"

मी साडीची घडी घालायला गेलो. कमरेपाशी, जिथे तो शेवटचा काठ अडकला होता, तिथे एक दणकट सेफ्टी पिन होती. मी ती लावली नव्हती. मी आईकडे पाहिलं.

"सकाळी वेणी घालताना लावली," आई म्हणाली. "तुझं शिवणकाम माहीत होतं म्हणून."

पुढच्या वर्षी डायनॉसॉरच्या आईचा फोन आला. तिच्या धाकटीला चेटकीण व्हायचं होतं, पण तसलीच, उघडणारी. मी होकार दिला. माझ्या हातचा मळ! ऑगस्टमध्येच काळं कापड आणलं, चांदण्या चिकटवल्या, तोच लांब धावदोरा, मार्करनं रंगवलेला तोच पांढरा दोरा. सुटायला सोपं जावं म्हणून गाठीसुद्धा मारल्या नाहीत. मिरवणुकीत ठरल्या जागी ईरा पदरावर पाय देऊन उभी राहिली. मग तिनं उडी मारली. मग त्या मुलीच्या भावानंही मारली. मुलगी जागच्या जागी अडकून रडायला लागली, पण एक टाका सुटला नाही.

उभ्या आयुष्यात मी पक्कं असं एवढंच शिवलं आहे.