टीबीला ताप म्हणणारे आम्ही

माझी नात मनाली काल टीबीने गेली.

"ताप होता" म्हणून सांगत फिरणाऱ्यांनी माझ्या दारात येऊ नये. त्यात माझा मुलगा पण आला.

मी तिसरी पास. चुका काढत बसू नका.

गिरणी संपात आमच्या ह्यांची नोकरी गेली. पुढे लालबागची चाळ पाडली. तीन वर्षांत नवं घर, म्हणाले आणि माहीमच्या ट्रान्झिट कॅम्पात आणून टाकलं.

मनाली इथेच जन्मली. इथेच बावीस वर्षांची झाली.

कॅम्पातल्या पोरांनी कवितांचा ग्रुप काढलेला, मनाली पण त्यात. नाव काय, तर 'निर्वासित'.

मी म्हटलं, "निर्वासित कसले गो? आपल्याकडे भाडेपावती आहे."

"आजी, पावतीवर झोपता येतं काय?"

दर शनिवारी गच्चीवर माइक. कागद नाही, सगळं तोंडपाठ. आवडलं की टाळ्या नाहीत, चुटक्या वाजवायच्या.

मी विचारलं, "जांभई आली काय रे सगळ्यांना?"

कार्टी पोट धरून हसली.

पण खरं ते सांगते. दुपारपर्यंत अंथरुणात लोळणारी ती पोरं शनिवारी आंघोळ करून, केस विंचरून यायची.

मग मनालीला टीबी निघाला, तर हिने त्यावरच कविता केली. खोलीला खिडकी नाही, खोकला भिंतीला आपटून परत माझ्याकडेच येतो, असं काहीतरी.

मीच गप्प केली. "लग्न व्हायचंय तुझं. माइकवर टीबीचं नाव काढलंस तर तंगडी मोडीन."

"आजी, ही म्हटली की जरा श्वास घेता येतो गं."

"मग मनात म्हण."

गोळ्या मी पिठाच्या डब्यात लपवायची. स्थळ घेऊन गावची माणसं आली, पंधरा दिवस राहिली. एका खोलीत चोरून गोळी खाणार कुठे? डबा उघडलाच नाही.

असं दोनदा झालं.

डॉक्टर म्हणाले, कोर्स तुटला, आता साध्या गोळ्या लागू पडणार नाहीत.

स्थळाकडून निरोप आला, मुलगी फारच बारीक आहे.

काल पोरं दारात उभी. "आजी, शनिवारी तिची ती कविता आम्ही म्हणू?"

मुलगा नको म्हणाला.

मी म्हटलं, "म्हणा. आणि आवाज मोठा ठेवा."

त्यातली एक पोर ओढणीत खोकत होती. विचारलं तर म्हणे, "धुळीची ॲलर्जी आहे, आजी."

नाव लिहीत नाही. ती हे वाचेल.

बाय माझे, उद्या सकाळी आठला जिन्याखाली थांब. दवाखान्यात मी येते सोबत. आईला काय सांगायचं ते माझ्यावर सोड.

मनाली, माझं चुकलं.

जा आता, बाळा.